पत्रिकेवर अडलेला गणपती

विश्वनाथ देवघरे यांच्या व्हिजिटिंग कार्डावर काय छापलं आहे ते आधी जसंच्या तसं सांगून टाकतो, म्हणजे त्यांची थोरवी आम्ही लपवली असं पुढे कुणी म्हणायला नको. 'विश्वनाथ देवघरे, रहस्यभेदक. अचूक तर्क, घारीची नजर आणि गुप्ततेची हमी. गुंता कुठलाही असो, आम्ही हजर.' त्याखाली नागपूरच्या प्रताप नगरातला पत्ता, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात 'भेटीची वेळ दुपारची झोप सोडून'. बाजूला एक भिंग काढलेलं आहे. त्या भिंगात एक डोळा आहे, आणि तो आपल्यालाच समोर ठेवून काढला आहे असं विश्वनाथराव सांगतात.

सरकारी कचेरीत आयुष्यभर आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेली माणसं कुंड्यांमध्ये कढीपत्ता लावतात किंवा हास्यक्लबात जातात. विश्वनाथरावांनी गुन्हेगारीकडे लक्ष वळवलं. प्रताप नगरात गुन्हेगारी फारशी नसल्यामुळे त्यांची जरा अडचण व्हायची, पण ते आहे त्यात भागवत. मागे एकदा देवळाबाहेरून चोरीला गेलेल्या स्वतःच्या चपलांचा माग काढत ते एका गृहस्थाच्या दारात जाऊन धडकले. त्या गृहस्थानं दार उघडलं, खाली पाहिलं आणि विचारलं, की माझ्या चपला तुमच्या पायात कशा? ते प्रकरण विश्वनाथराव 'सुटलेलं' म्हणूनच धरतात, कारण चपलांचा पत्ता तर लागलाच होता.

त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई यांच्या मते कार्डावरचं शेवटचं वाक्य खरं आहे, फक्त क्रम चुकला आहे. हे आधी हजर होतात आणि मग गुंता होतो. विश्वनाथराव यावर रागावत नसत. त्यांना स्वतःवर हसता यायचं. फक्त ते हसू प्रकरण निकालात निघाल्यावर, आणि बहुधा इतर सगळ्यांचं हसून झाल्यावर यायचं.

तर अशा या माणसावर धाकट्या बहिणीनं, गोपिकानं, मुलीच्या लग्नपत्रिकांचं काम सोपवलं. मुलगी म्हणजे मिनल. विश्वनाथरावांना मूलबाळ नव्हतं, आणि मिनलच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्याच घरी गेल्या होत्या. साखरेच्या डब्यात मुंग्या कुठून येतात याचा तपास मामा आणि भाचीनं स्वयंपाकघरात पालथं पडून कैक दुपारी केला होता. आता तीच मिनल नवरी होणार आणि मामानं तिला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, या नुसत्या विचारानं विश्वनाथराव उगाच भिंग पुसायला घेत.

पण मिनलला मामा दोन होते. दुसरा उन्मेष, सगळ्यांत धाकटा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, आणि हातात घेतलेलं काम वेळेआधी संपवण्याची वाईट खोड असलेला.

"दादा, याची केस करू नको," गोपिकानं सकाळीच बजावलं होतं. "आज संध्याकाळच्या आरतीला मी टेकडी गणपतीच्या पायरीवर उभी राहीन. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची, आणि तिथूनच बाकीचा गठ्ठा घेऊन पाहुण्यांची गाडी गावाकडे निघेल. तोवर पत्रिका आल्या नाहीत, तर पुढचं सगळं उन्मेष पाहील. पत्रिकाही, आणि मिनलला मांडवात आणणंही."

विश्वनाथरावांनी हातातलं भिंग खिशात ठेवलं आणि इतवारी गाठली.

भांडीबाजाराच्या मागच्या गल्लीत 'गहुकर ग्राफिक्स' नावाचं दुकान आहे. शोभाताई गहुकर मालकीण आणि बळीराम हा कॉम्प्युटरवर बसणारा. अर्ध्या इतवारीच्या मुंजी, लग्नं आणि वास्तू या दुकानातून छापून निघाल्या आहेत. विश्वनाथरावांचं कार्डही इथलंच. तेव्हापासून बळीराम त्यांना थोडा वचकून असे, आणि विश्वनाथराव याला आपल्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव समजत.

पत्रिकेचं प्रूफ पाहायच्या दिवशी विश्वनाथरावांनी हळूच एक कारभार करून ठेवला होता. मामकुळात जिथे दोन्ही मामांची नावं होती, तिथे आपल्या नावापुढे त्यांनी बळीरामकडून कार्डावरचं तेच भिंग बारीक करून टाकून घेतलं. गोपिकानं प्रूफ डोळ्यांजवळ नेलं. "हे दादाच्या नावाला काय चिकटलंय? काढा ते," ती म्हणाली. बळीरामनं माउस जरा इकडून तिकडे नेला आणि भिंग नाहीसं झालं. विश्वनाथरावांनी प्रूफावर सही करून टाकली. त्यांना वाईट मात्र वाटलं.

असो. आज दुकानात शिरताच शोभाताईंनी कपाळाला हात लावला.

"भाऊ, सकाळपासून पाहून राहिली मी. पत्त्याचे लिफाफे भराभर निघाले. पत्रिका लावली का मशीन बसूनच जाते. दिवा लुकलुक करते अन् काही नाही. मी घरी जाऊन पोळ्या टाकून आली, तं गणपतीची सोंड बाहेर आली होती. पोट अजून आतच होतं."

"मेकॅनिकला बोलावलं?"

"आला न. म्हणे मशीनले काही झालं नाही, ठणठणीत आहे."

आता यात भर अशी, की हल्लीच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक पत्रिकेवर ज्याचं त्याचं नाव छापायचं होतं. गावाकडे एक दिगंबरकाका असे होते की हातानं नाव लिहिलेली पत्रिका आली तर आपल्याला शेवटी आठवलं असा अर्थ काढत. त्यामुळे प्रत्येक पत्रिका मशीनला नव्यानं पाठवावी लागत होती, आणि प्रत्येक वेळी मशीन नव्यानं समाधी लावत होतं. सकाळपासून जेमतेम चिमूटभर पत्रिका झाल्या होत्या, आणि गाडीभर पाहुणे बाकी होते.

विश्वनाथरावांनी मशीनभोवती प्रदक्षिणा घातली. अंगाला हात लावून पाहिला. मग ते सरळ उभे राहिले.

"अक्षरं पटकन छापतं आणि चित्राला अडतं. म्हणजे मशीन शिकलेलं आहे, पण अंगात त्राण नाही. अंग तापलेलं, दिवा लुकलुकतोय, हालचाल मंद. शोभाताई, याला ऊन लागलंय."

"मशीनले?" बळीराम म्हणाला.

"मे महिन्यात नागपुरात कुणालाही लागू शकतं."

विश्वनाथरावांनी शर्टाच्या खिशातून कांदा काढला. ऊन बाधू नये म्हणून बाहेर निघताना सुहासिनीबाई तो आठवणीनं ठेवत. कांदा मशीनच्या डोक्यावर ठेवून त्यांनी टॉवेल माठाच्या पाण्यात भिजवला आणि वरून पांघरला. थोड्या वेळानं मशीन खरंच हललं. टॉवेलचं टोक कागद समजून त्यानं आत ओढलं, आणि मोठ्या मुश्किलीनं ते बाहेर काढलं तेव्हा त्यावर 'आग्रहाचे निमंत्रण' इतकी अक्षरं स्वच्छ उमटली होती.

"पाहिलं? आराम पडतोय," विश्वनाथराव म्हणाले. शोभाताईंनी कांदा उचलला आणि डब्यातल्या भाजीशेजारी नेऊन ठेवला.

ऊन बाद झाल्यावर उरला घातपात. विश्वनाथरावांनी भिंग काढलं आणि ते बळीरामच्या टेबलापाशी ओणवे झाले. कीबोर्ड फार जुना होता. कळांवरची अक्षरं बोटांनी घासून घासून उडाली होती, काही कळांना मधोमध खळगे पडले होते. आणि या सगळ्यांमध्ये एकच कळ अशी होती, की जणू कालच दुकानातून आणलेली. कोरी, चकचकीत, तिच्यावरचं अक्षरन् अक्षर शाबूत. ती डिलीटची कळ होती.

"ही कळ पुसलेली आहे," विश्वनाथराव हलक्या आवाजात म्हणाले.

"काय?"

"बोटांचे ठसे. बाकी सगळीकडे ठेवले आणि इथलेच तेवढे पुसले. का? कारण गुन्हा याच कळेवर घडलाय."

बळीरामचा चेहरा पडला. "साहेब, त्या कळेले मी हातही लावत नाही."

"असंच म्हणतात सगळे."

"खरंच सांगून राहिलो न. गळ्याची शप्पथ."

विश्वनाथराव मान हलवून बाजूला झाले, पण त्यांची नजर बळीरामवर राहिली, आणि मग त्यांना जे दिसलं त्यानं त्यांची खात्रीच पटली. पत्रिका मशीनला पाठवण्याआधी बळीराम पडद्याला हात जोडत होता आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता. एकदा नाही, दर वेळी. हा संदेश होता. खुणेची भाषा. समोरच्या पडद्यापलीकडे कुणीतरी होतं, आणि पडद्यापलीकडे खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे मारोतराव होते.

मारोतराव म्हणजे गल्लीतल्या समोरच्या छापखान्याचे मालक. बॅनर आणि बिलबुकं छापत. दिवसातून कितीतरी वेळा ते उंबरठ्यापर्यंत येत, 'गहुकर ग्राफिक्स'च्या काचेच्या दाराकडे टक लावून पाहत, डोकं थोडं हलवत आणि परत आत जात. आज तर ते तासाभरात दोनदा येऊन गेले होते.

"धंद्यातला हेवा," विश्वनाथराव म्हणाले. "मी वेषांतर करून येतो."

वेषांतर म्हणजे त्यांनी डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळला आणि वर गॉगल लावला. बाहेर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की मे महिन्यातल्या दुपारी अख्खं नागपूर असंच दिसतं. गल्लीत हातगाड्या ओढणारे, स्टीलचे डबे घासाघीस करून घेणारे, टेम्पोवाले, झाडून सारे दुपट्ट्यात. तेवढ्यात मारोतरावही दुपट्टा बांधून दुकानातून बाहेर पडले. विश्वनाथरावांनी पाठलाग धरला. भगोण्यांच्या दुकानाला वळसा, धान्याच्या पोत्यांवरून उडी, एका टेम्पोच्या आडून डोकावणं, असं सगळं यथासांग झालं. मग पुढचा दुपट्टा एका रसवंतीपाशी थांबला, तोंडावरून सुटला, आणि आतून एक अनोळखी बाई निघाल्या.

"काहून मागं लागले गा तुमी?" त्या बाईंनी विचारलं. रसवंतीवाल्यानं उसाचं चिपाड हातात घेतलं.

विश्वनाथरावांनी आपलं कार्ड पुढे केलं. त्यांचा अनुभव असा, की कार्ड दाखवलं की प्रकरण नेहमी चिघळतं, पण सवय सुटत नाही. शेवटी तिघांसाठी रस सांगून त्यांनी सुटका करून घेतली आणि धापा टाकत गल्लीत परतले.

मारोतराव आपल्या उंबरठ्यावरच होते. काचेच्या दाराकडे पाहत होते. या वेळी विश्वनाथराव सरळ जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनीही काचेकडे पाहिलं. काचेत मारोतराव दिसत होते. मारोतरावांनी खिशातून कंगवा काढला, उरलेसुरले केस डावीकडून उजवीकडे आणले, डोकं हलवून ते टिकतात का ते पाहिलं आणि कंगवा परत ठेवला.

"आमच्या दुकानात आरसा नाही बाप्पा," ते विश्वनाथरावांना म्हणाले. "तुमाले पाह्यजे का कंगवा?"

दुकानात परतलेल्या विश्वनाथरावांनी पुढच्या तासाभरात आणखी काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना आमचीच मान खाली जाते. कूलर वीज खातो म्हणून त्यांनी कूलर बंद करवला, आणि दुकानाची अशी भट्टी झाली की गोंदाच्या बाटलीचं झाकण आपोआप उडालं. मशीनची वायर वेटोळी होती, त्यात चित्र वळणावर अडत असेल म्हणून त्यांनी ती सरळ केली, दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लिफाफ्यांचा गठ्ठा घेऊन येणाऱ्या शोभाताई तिच्यात अडकल्या. अडलं ते फक्त त्यांचं पाऊल. लिफाफे पार रस्त्यापर्यंत गेले.

"भाऊ," लिफाफे गोळा करता करता शोभाताई म्हणाल्या, "तुमी जरा बसता का? पाय दुखले असन तुमचे."

ही 'आता हात लावू नका' या वाक्याची इतवारीतली सभ्य आवृत्ती आहे, हे विश्वनाथरावांना कळलं. ते स्टुलावर बसले. तेवढ्यात गोपिकाचा फोन आला. निघतेय, असं तिनं सांगितलं. पत्रिका झाल्या का, असं तिनं विचारलंच नाही, आणि तेच जास्त लागलं. विश्वनाथरावांनी मशीनकडे पाहिलं. सोंड बाहेर आली होती. पोट आत होतं.

त्यांच्या मनात आलं, की उन्मेषनं हे कधीच उरकलं असतं. पुण्याहून फोनवर दोन वाक्यं सांगितली असती आणि मशीन मुकाट्यानं चाललं असतं. आपण काय केलं, तर मशीनला कांदा लावला. मिनलला बोहल्यावर आणताना लोक तिच्याकडे पाहतील की कांदेवाल्या मामाकडे? उन्मेषच बरा. हे असं त्यांना मनापासून वाटलं, आणि त्यामुळे त्यांना फारच वाईट वाटलं.

काचेचं दार उघडून एक दुपट्टा आत आला. विश्वनाथरावांनी या वेळी काही तर्क केला नाही. दुपट्टा सुटला, आतून मिनल निघाली.

"मामा, आई तिकडे जाऊन राहिली. मी म्हटलं इथूनच तुमच्यासोबत जाते." तिनं मशीनमधून डोकावणारी सोंड पाहिली, टेबलावरचा ओला टॉवेल पाहिला आणि मामाचा चेहरा पाहिला. ती बळीरामच्या मागे जाऊन पडद्याकडे पाहू लागली.

"बळीरामभाऊ, गणपती माझ्या नावाला टेकून राहिला बघा. थोडा वर घ्या ना."

बळीराम घुटमळला. "राहू द्या न ताई. चांगला बसला आहे."

"थोडासाच."

"हलवाचं म्हणजे... असं आहे का..." बळीराम कपाळाचा घाम पुसत उठला. "मी चहा सांगून येतो."

तो गेला. मिनल त्याच्या खुर्चीवर बसली, तिनं माउस धरला आणि गणपती उचलून वर सरकवला. खाली एक पांढरा चौकोन होता. तिनं तो बाजूला ओढला. त्या चौकोनाखाली दुसरा गणपती होता.

"हा कोण?" मिनल म्हणाली.

तिनं तोही सरकवला. खाली पांढरा चौकोन. चौकोनाखाली गणपती. हा नाचत होता. त्याच्याखाली पिंपळाच्या पानावर बसलेला होता. त्याच्याखाली बासरी वाजवणारा, त्याच्याखाली फेटा बांधलेला, त्याच्याखाली मांडीवर लॅपटॉप घेतलेला. मिनल ओढत होती आणि गणपती निघत होते. पडद्याच्या कडेला जागा पुरेना, तेव्हा ती त्यांना एकमेकांच्या मांडीवर बसवू लागली. शोभाताई हातातले लिफाफे तसेच धरून जवळ आल्या.

"हा तं सराफ्यातल्या खुशीच्या लग्नातला. हा लॅपटॉपवाला त्या इंजिनिअरचा, त्याच्या बापानं मुद्दाम मांगवला होता. हा आमच्या हर्षितच्या मुंजीतला. बाई वं, हे सारे इथंच आहेत?"

"सगळे इथंच आहेत," मिनल म्हणाली. "वर एकच दिसतो. पण मशीनला पाठवलं की खालचे सगळे जातात ना. ते बिचारं दर पत्रिकेला एवढ्या सगळ्या गणपतींचा हिशोब करतं, आणि मग शेवटचा एक छापतं."

चहा घेऊन आलेला बळीराम दारातच थबकला. त्याच्या हातातली केटली लिफाफ्यांवर सांडायच्या आत शोभाताईंनी काढून घेतली.

"बळीराम," विश्वनाथराव म्हणाले, "हे काय आहे?"

"साहेब, नवी पत्रिका आली का मी मागची फाइल उघडतो. नाव-तारीख बदलतो. बाकी सारं तेच असते. पण गणपती दरेकाले नवा पाह्यजे." बळीरामनं खाली मान घातली. "मंग जुन्याचं काय कराचं? देव आहे न तो. लग्नाच्या कामात देवाले मिटवाचं कसं? म्हणून त्याच्यावर पांढरा कपडा टाकतो, हात जोडतो, अन् नवा बसवतो. बाईंनीच सांगतलं होतं पहिल्या दिवशी, का देवाच्या चित्रावर फुली माराची नाही."

सगळ्यांनी शोभाताईंकडे पाहिलं.

"सांगतलं होतं खरं," शोभाताई म्हणाल्या. "मले काय माहीत, तो इतकं मनावर घेईन."

विश्वनाथरावांना ती चकचकीत कळ आठवली. ते हात जोडणं आठवलं. रहस्य दुपारपासून त्यांच्या नाकासमोर बसलं होतं, त्यांनी त्यावर भिंग धरून पाहिलं होतं, आणि मग ते उठून रसवंतीवर गेले होते. आता त्यांना हसू आलं. नेहमीप्रमाणे उशिरा, पण आज इतर कुणी अजून हसलं नव्हतं, ही त्यातल्या त्यात प्रगती.

"चला, मग काढून टाका हे सगळे," ते म्हणाले.

कुणीच हललं नाही. बळीरामनं हात पाठीमागे घेतले. शोभाताई लिफाफे नीट लावू लागल्या. मिनलचं बोट कळेपाशी गेलं आणि थांबलं.

"मामा, माझंच लग्न आहे," ती हळूच म्हणाली. "आणि एवढे गणपती."

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. टेकडीच्या पायरीवर गोपिका पोचली असेल. विश्वनाथराव स्टुलावरून उठले. त्यांच्या कॉलनीच्या मंडळात दरवर्षी विसर्जनाला गुरुजी उशिरा येतात, आणि दरवर्षी उत्तरपूजा विश्वनाथरावच उरकतात. या एका कामात त्यांच्या हातून आजवर काही बिघडलं नव्हतं.

"मिटवायचं कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "घरी दहा दिवस बसवतो त्याला आपण कायमचं ठेवतो का? उत्तरपूजा करतो, मूर्ती जागेवरून जराशी हलवतो, आणि निरोप देतो. हे बिचारे किती लग्नसराया झाल्या, निरोपाची वाट पाहून राहिलेत. बळीराम, तू त्यांना बसवलंस आणि जाऊच दिलं नाहीस."

बळीरामनं डोळे मोठे केले.

"आणि मूर्ती हलवायचं मिनलनं आधीच केलंय. एकेकाला. शोभाताई, अक्षता आहेत?"

पत्रिकेच्या दुकानात अक्षता नसतील तर कुठे असतील. शोभाताईंनी कुंकवाची डबी आणि अक्षता आणल्या, बळीरामनं फुलासाठी गोंदाच्या टेबलावरची जास्वंदीची कुंडी आणली. विश्वनाथरावांनी डोक्यावर तो छापलेला टॉवेल घेतला, पडद्यावर अक्षता वाहिल्या, मंत्र म्हटले, पुन्हा या असं सांगितलं, आणि ती कोरी कळ दाबली. पहिला गणपती गेला तेव्हा बळीरामच्या तोंडून 'मोरया' निघालं. मग सगळेच म्हणू लागले. शेवटचे काही तर मारोतरावांनी समोरच्या उंबरठ्यावरून म्हटले, कशासाठी ते न विचारता. लॅपटॉपवाला जाताना बळीराम रडला.

"आता हे पांढरे तुकडेही साफ करते," मिनल म्हणाली, आणि तिची बोटं चालू लागली. विश्वनाथराव माठातलं पाणी प्यायला वळले.

ते वळले तोवर मशीन सुरू झालं होतं. सोंड, पोट, मोदक, उंदीर, सगळं एका दमात. एकामागून एक पत्रिका अशा पडू लागल्या की त्या गोळा करायला शोभाताईंना पदर खोचावा लागला. विश्वनाथरावांनी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं, गठ्ठे बांधले, प्रत्येक गठ्ठ्यावर अभिमानानं हात फिरवला. घारीची नजर असलेल्या या माणसानं एकही पत्रिका वाचली नाही.

टेकडी गणपतीच्या पायरीवर गोपिका घड्याळाकडे पाहत उभी होती. भाऊ आणि मुलगी गठ्ठ्यांसह चढून येताना दिसले तशी ती घाईनं पुढे झाली आणि तिनं भावाचा हात धरला. आरती सुरू व्हायच्या आत पहिली पत्रिका देवापुढे गेली. खाली पाहुण्यांची गाडी हॉर्न वाजवत होती. गोपिकानं नमस्कार केला, गठ्ठ्यातली एक पत्रिका काढली आणि पायरीवर बसून वाचायला घेतली. मामकुळापाशी ती थांबली.

"दादा. हे काय?"

विश्वनाथरावांनी पाहिलं. त्यांच्या नावापुढे भिंग होतं, आणि भिंगात डोळा. गठ्ठ्यातली दुसरी पत्रिका काढली, तिसरी काढली. प्रत्येकीवर डोळा त्यांच्याकडे पाहत होता.

"मी नाही केलं गोपिका. खरंच नाही," ते म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळत गेलं. बळीराम काही मिटवत नाही. तो फक्त पांढरा चौकोन टाकतो. प्रूफाच्या दिवशी त्यानं भिंग काढलं नव्हतंच, झाकलं होतं. आज पांढरे चौकोन गेले आणि खाली उरलेलं वर आलं. आयुष्यातला हा त्यांचा पहिला बरोबर तर्क, आणि तो नेमका त्यांनाच घेऊन बुडणार होता. त्यांनी तो बहिणीला जसाच्या तसा सांगितला.

"म्हणजे आता गावभर हे जाणार," गोपिका म्हणाली. "दिगंबरकाकांकडेसुद्धा."

विश्वनाथरावांनी मान डोलावली. मग तर्काचं आणखी एक टोक हाताला लागलं. चौकोन कुणी साफ केले? पडदा शेवटी कुणी पाहिला? त्यांनी मिनलकडे पाहिलं. ती शांतपणे चपला काढत होती.

"मी पाहिलं होतं," मिनल म्हणाली. "पहिली पत्रिका पाठवायच्या आधीच."

"मग काढलं नाहीस?" गोपिकानं विचारलं.

"काहून काढू? मामकुळात दोन मामा आहेत आई. मला आणणारा कोणता, ते पाहुण्यांना कळायला नको?"

गोपिकानं पत्रिका मिटली. मुलीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "छापूनच गेलंय तर आता दुसऱ्याला कसं उभं करणार," ती म्हणाली, आणि गठ्ठे उचलून गाडीकडे पायऱ्या उतरू लागली.

विश्वनाथरावांनी खिशातून भिंग काढलं आणि पत्रिका डोळ्यांजवळ धरली. त्यातून त्यांना काहीएक दिसत नव्हतं, सगळं धूसर झालं होतं. तरी आरती संपेपर्यंत त्यांचा तपास चालूच राहिला.